पांढऱ्या शेळीचं कातडं: डाग काढण्याच्या नोंदी

१७ एप्रिल

सकाळी कागलकडून कातडं आलं. संगमनेरी शेळी, पांढरी, वय होऊन गेलेली. मालकीण आक्कांना डोकं, मान आणि खांद्यापर्यंतचा माउंट हवाय, म्हणजे साच्यावर कातडं चढवून केलेला हुबेहूब पुतळा. उरलेलं कातडं केसांसकट कमावून बैठकीवर टाकायला द्यायचं आहे.

पाळीव जनावर आहे म्हणून काम घेतलं. रानातल्या कुठल्याही प्राण्याचं कातडं कुणी आणून दिलं तर हात लावू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यात माफी देत नाही, मग प्राणी आपोआप मेलेला असो की रस्त्यावर गाडीखाली सापडलेला असो.

पोत्यातून काढून पसरल्यावर जे दिसलं ते आधी लिहून ठेवते. कपाळावर हळद-कुंकू. चारही खुरांवर हळद. मानेच्या मागं आणि खांद्यावर गुलाल. चैत्र यात्रेला जोतिबावरून आणलेला घरात होता, तो लावून निरोप दिला. नाकपुड्यांशी आणि ओठाखाली वाळलेलं रक्त. मागच्या पायांना आतून मुताचा जुना पिवळेपणा. गुडघ्यांवर तांबडी माती. शिवाय पोटाच्या कडेला आणि डाव्या मांडीवर तपकिरी ठिपके, कारण मीठ मारून कातडं रात्रभर गोठ्याच्या जुन्या पत्र्यावर पसरलं होतं. मिठाचं पाणी आणि लोखंड एकत्र आलं की गंज चढणारच.

एवढ्या तऱ्हेचे डाग एका कातड्यावर आहेत म्हणून या नोंदी नीट ठेवतेय. आपल्याकडे पांढऱ्या कातड्यावर काम करणारे थोडे, आणि जे सांगतात ते एकच सांगतात: पेरॉक्साइड (केस पांढरे करणारं हायड्रोजन पेरॉक्साइड) लाव. माझं म्हणणं वेगळं आहे. कुठला डाग आधी आणि कुठला नंतर, हे औषधापेक्षा महत्त्वाचं.

आज फक्त कोरडं काम आणि रक्त. गुलाल ही पूड आहे. पाणी लागलं की तो रंग होतो. म्हणून कातडं उलटं टांगून मागून हलकं थोपटलं, मग मऊ ब्रश केसांच्या दिशेनं, आणि शेवटी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला सुती फडकं बांधून ओढला. फडकं दर वेळी गुलाबी होऊन निघत होतं. ते पांढरं निघेपर्यंत चालू ठेवलं. दुपार गेली, पण निम्म्याहून जास्त गुलाल पाण्याशिवाय गेला. मात्र खांद्यावर एक तळहाताएवढी जागा आधीच भिजलेली होती. कातडं घडी घालून आणलं, मिठानं पाणी सुटलं आणि तिथला गुलाल केसांत बसला. तो ब्रशला दाद देत नाही.

रक्ताला बर्फाच्या पाण्यात मूठभर मीठ घालून फडक्यानं टिपत राहिले. एप्रिलमध्ये आमच्या टाकीचं पाणी दुपारी कोमटच येतं, म्हणून बर्फ आणवला. गरम पाण्यानं रक्तातलं प्रथिन गोठतं आणि डाग केसाला शिजून चिकटतो. भिजत मात्र ठेवलं नाही. कच्चं कातडं साध्या पाण्यात पडून राहिलं की आधी ओठ, कान आणि पोटावरचे केस सुटायला लागतात, आणि केस गेल्यावर डाग काढून उपयोग काय!

रात्री ताजं खडे मीठ मारून, केसाला केस न लावता गुंडाळी करून तिरप्या फळीवर ठेवलं.

१८ एप्रिल

मांसाची बाजू रापीनं खरवडून घेतली. चरबी थोडीच होती, शेळीला मेंढीइतकी नसते. पोटाच्या कडेची बोटभर रुंदीची पट्टी कापून काढली. माउंटमध्ये ती लागत नाही. तिचे तुकडे करून चाचण्यांसाठी ठेवले. पांढऱ्या कातड्यावर काम करणाऱ्यानं ही पट्टी आधी कापावी. जे काही लावायचं ते आधी पट्टीवर, रात्रभर थांबून, मग कातड्यावर.

शेजाऱ्यांनी कपड्याचं ब्लीच सुचवलं होतं. पट्टीवर पातळ करून लावलं. थोड्या वेळात केस पिवळट पडले, बोटात धरल्यावर बुळबुळीत लागले आणि ओढताच तुटून हातात आले. क्लोरीनचं ब्लीच केसाचं प्रथिनच विरघळवतं. सुती कापडाला चालतं ते इथं चालत नाही. आणि पुढं आम्लात टाकायच्या कातड्याला तर ते मुळीच लावू नये, विषारी वायू सुटतो. बाटली परत दिली.

एंझाइमची धुण्याची पावडरही बाजूला ठेवली. ती रक्तातलं प्रथिन खाते, पण कातडं आणि केस ही प्रथिनंच की.

कुंकवाची परीक्षा आज केली, ती सांगण्यासारखी आहे. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन कपाळावरच्या लाल डागाला टेकवलं. बाहेरची कड बघता बघता पिवळी झाली. आतला ठिपका लालच राहिला. म्हणजे दोन वेगवेगळी कुंकवं लावली होती. जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळदीला चुना किंवा तसाच क्षार देऊन लाल केलेली हळद. आम्ल लागलं की ती परत पिवळी होते. जे बदलत नाही ते बाजारी रंगाचं. आक्कांना फोन करून विचारलं. त्यांनी घरचं लावलं होतं आणि सुनेनं वरून देवाऱ्यातल्या डबीतलं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून ही दोन मिनिटं वाचवू नका.

१९ एप्रिल

भाचा मदतीला आला होता. मी आत कान उलटवत बसले होते तोवर त्यानं पुढचा एक पाय कपडे धुण्याच्या पावडरीनं घासला. "मावशी, रक्त निघतंय बघ यातनं," म्हणून हाक मारली. पाय खुरापासून वर चार बोटं लालभडक झाला होता. रक्त नव्हतं ते. पावडरीत सोडा असतो, हळदीला क्षार लागला की ती तांबडी होते. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की काय होतं ते ज्या घरात धुणं होतं तिथं सगळ्यांना माहीत आहे, इथं तेच झालं. घाबरण्यासारखं नसतं, पातळ व्हिनेगरनं पुसल्यावर पाय परत पिवळा झाला. पण पाण्यानं हळद केसांच्या मुळापर्यंत गेली, आणि जी वरवर होती ती आत बसली. त्या पायाला पुढं बाकीच्या तिन्हीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागणार.

हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं. केसांखाली टिपकागद सरकवायचा, कापूस ओला करून वरून दाबायचा, उचलायचा, बोळा बदलायचा. घासायचं नाही. कडेकडून मधल्या भागाकडं यायचं, नाहीतर डागाला पिवळी झालर येते. कपाळावर केसांचा भोवरा असतो तिथं कापूस पोचत नाही, म्हणून जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेक बट वेगळी करून टिपली. टिपकागदावर पिवळ्याचे गोल उमटत गेले. कपाळ लिंबासारखं पिवळं होतं ते सायीसारखं झालं. त्यापुढं स्पिरिट थकलं. उरलेल्या हळदीला ऊन दाखवायचं, पण कच्चं कातडं उन्हात नेता येत नाही, ते ताठ होतं आणि आतून कुजतं. ते काम कमावल्यानंतर.

बाजारी कुंकवाचा ठिपका स्पिरिटनंच बऱ्यापैकी गेला.

खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद. स्पिरिटची वाफ पेट घेते.

२० एप्रिल

दिवस गुलालात गेला.

खांद्यावरच्या ओल्या डागावर स्पिरिट लावलं तर रंग सुटला खरा, पण सुटून शेजारच्या पांढऱ्या केसांत पसरला. हळदीपेक्षा हा फार चपळ आहे. लगेच थांबले. मुलतानी माती स्पिरिटमध्ये कालवून थालीपीठाच्या पिठाएवढा घट्ट लगदा केला, डागावर आणि झालरीवर जाड थापला, वरून प्लास्टिक. माती रंग ओढून घेते आणि स्पिरिट उडेपर्यंत रंग वर येत राहतो. वाळल्यावर माती गुलाबी निघाली. परत थापली, परत निघाली. प्रत्येक थराला गुलाबी कमी होत गेला, पण एका मर्यादेनंतर मातीचा रंग मातीचाच राहिला आणि केस मात्र फिकट गुलाबीच.

मग हायड्रोस. कोल्हापुरात गुऱ्हाळांमुळं हे नाव नवीन नाही. गुळाला पिवळा उजाळा यावा म्हणून काहीलीत टाकतात तेच. खाण्यात ते नसावं असं माझं मत आहे, पण रंग मारायला ते जबर आहे. पट्टीवर गुलाल मुद्दाम भिजवून लावला होता, त्यावर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर हायड्रोसचं पाणी सोडलं. डाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. मी आनंदानं कातड्यावरही तेच केलं. संध्याकाळी बघितलं तर दोन्हीकडं गुलाबी परत आला होता, थोडा कमी. हायड्रोसची क्रिया हवेतल्या ऑक्सिजनच्या उलट असते. काही रंग त्यामुळं तेवढ्यापुरते बिनरंगी होतात आणि हवा लागली की परत दिसतात. पट्टीवर रात्रभर थांबायचा नियम मी लिहिला होता आणि पाळला नाही.

हायड्रोसचा डबा कोरडाच ठेवा. थोडं पाणी शिरलं तरी तापतो आणि पेटू शकतो. आम्लाशी गाठ पडली की गंधकाचा ठसका लावणारा वायू सुटतो, म्हणून पिकलमधून (मीठ आणि आम्लाच्या पाण्यातून) काढलेल्या कातड्यावर ते वापरू नये.

खांद्यावर आता लहान मुलाच्या गालाएवढा गुलाबी उरलाय. इथं थांबते. कातडं पिशवीत घालून फ्रीजरला.

२१ एप्रिल

कोल्हापुरातल्या सुभाषनगरात गेले होते. तिथं कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावणाऱ्या घरातले एक काका आहेत, त्यांना पट्टी दाखवली. बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा वास दारातच येतो. चपलेचं कातडं त्यावरच तयार होतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ज्या कारागिरीचं नाव झालं ती हीच. केसांसकट पांढरं कातडं त्यात कमावलं तर काय होईल, विचारलं.

"पोरी, बाभळीचं पाणी चपलाला," म्हणाले. "पांढऱ्या केसाला तुरटी. ह्यात घातलंस तर बदामी हुईल, आणि खिळा जरी लागला तरी काळा ठिक्का."

तरी पट्टीचे दोन तुकडे त्यांच्या हौदातल्या पाण्यात बुडवून डब्यात घेऊन आले. एकात लोखंडी खिळा टाकला.

२३ एप्रिल

काकांचं तंतोतंत खरं. साध्या तुकड्याचे केस चहात बुडवल्यासारखे बदामी. खिळ्याच्या तुकड्यावर निळसर काळा डाग, खिळ्याच्या आकाराचा. हिरड्याच्या पाण्यात लोखंड असलेलं हिराकस घालून पूर्वी शाई करायचे, तीच क्रिया. गंज काढणाऱ्या ऑक्झॅलिक ॲसिडनं काळं गेलं, बदामी गेलं नाही. म्हणजे वनस्पती-कमावणीला पांढऱ्या केसात जागा नाही. क्रोमच्या क्षारांनी कमावणंही बाद, त्यानं कातडं निळसर-हिरवं होतं. तुरटी ठरली.

पण तुरटीनं कमावलेलं कातडं पाण्यानं परत कच्चं होतं, तुरटी धुऊन निघते. म्हणून धुण्याजोगं सगळं काम कमावणीच्या आधी संपवायचं. नंतर फक्त जागच्या जागी टिपणं.

खिळ्याच्या प्रयोगानं पत्र्याचे ठिपके जास्त गंभीरपणे घ्यायला लावले. त्यासाठी आणखी एक तुकडा वापरला: गंज लागलेल्या केसांवर पेरॉक्साइड. बाकीच्या केसांवर ते शांत होतं, गंजाच्या ठिपक्यावर बुडबुडे सुटले. सकाळी ठिपक्यातले केस चिमटीत धरल्यावर गवताच्या वाळक्या काडीसारखे मोडले, शेजारचे धड होते. लोखंड पेरॉक्साइडला एकदम फोडतं आणि ती सगळी ताकद त्याच जागच्या केसावर पडते. कापड गिरण्यांत ब्लीच करताना गंजाच्या जागी कापडाला भोकं पडतात ती याच कारणानं.

"पेरॉक्साइड लाव" म्हणणाऱ्यांनी हे कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही. गंज पूर्ण गेल्याशिवाय पेरॉक्साइडची बाटली उघडू नका.

२४ एप्रिल

पिकल लावलं. प्लास्टिकच्या टबात दर लिटर पाण्याला १०० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. आम्लता मोजायचा पीएच कागद २ च्या आसपास दाखवतो. आधी मीठ, ते पूर्ण विरघळल्यावर आम्ल. मिठाशिवाय आम्लात कातडं पाणी पिऊन फुगतं आणि मग सुधारत नाही. टब, काठी, सगळं प्लास्टिक आणि लाकडाचं. घरातली पत्र्याची बादली अंगणात ठेवून दिली.

सायट्रिक ॲसिड गंजही ओढून घेतं, त्यामुळं दुहेरी काम होईल अशी आशा.

३० एप्रिल

पोटाकडचे गंजाचे ठिपके पिकलमध्येच गेले. मांडीवरचे तीन मोठे उरले होते. अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा चमचाभर ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून, ब्रशनं फक्त ठिपक्यावर. तपकिरीचा पिवळा, पिवळ्याचा काही नाही. लगेच मिठाच्या पाण्यानं भरपूर धुतलं. ऑक्झॅलिक विषारी आहे. भांडं, चमचा स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

गुडघ्यांवरची तांबडी माती मात्र पूर्ण गेली नाही. आपल्याकडच्या मातीचा लाल रंग लोखंडाचाच, पण तो बारीक पूड होऊन केसांच्या खवल्यांत बसतो. पातळ शाम्पूनं दोनदा धुतल्यावर जेवढी गेली तेवढी गेली. गुडघे बैठकीच्या भागात येतात, माउंटमध्ये नाहीत. सोडून दिलं.

कातडं पातळ करून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात आम्ल उतरवलं. सोडा चिमूट चिमूट. एकदम टाकला तर पृष्ठभाग सोडा घेतो आणि आत आम्ल राहतं.

२ मे

मागच्या पायांचा पिवळेपणा. औषधाच्या दुकानात पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं, २० व्हॉल्यूम म्हणून मिळतं. तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणलं, कॉर्नफ्लोअरनं खिरीसारखं दाट केलं म्हणजे केसावर टिकतं आणि कातड्याकडं वाहत नाही. ब्रशनं केसांच्या टोकाकडून मुळाकडं, पण मुळाच्या अर्धा सेंटीमीटर आधी थांबायचं. वर प्लास्टिक, कारण वाळलं की काम थांबतं. दर दहा मिनिटांनी प्लास्टिक उचलून बघितलं.

इथं डोळा लागतो. शेळीचा पांढरा रंग खडूसारखा नसतो, त्यात सायीची छटा असते. उजव्या पायाला मी सायीच्या छटेवर थांबवलं. डाव्या पायाला दूधवाला आला म्हणून उशीर झाला आणि तो खडूसारखा झाला. आता दोन्ही पाय शेजारी ठेवले की डावाच डागाळलेला वाटतो. अंगापेक्षा जास्त पांढरं हेही डागच दिसतं. अमोनियाचे थेंब घातले तर काम लवकर होतं असं सांगतात; केस ठिसूळ होतात म्हणून घातले नाहीत, आणि हा वेग बघता गरजही नव्हती.

उरलेल्या पिवळट झाकेला धुण्याची नीळ. अर्ध्या बादलीत दोन थेंब, त्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसणं. चार थेंब पट्टीवर केले तेव्हा केस जांभळट झाले. दोनच.

गुलालाच्या जागेवरही पेरॉक्साइड लावून बघितलं. अर्धा तास ठेवलं. गुलाबी हललं नाही, भोवतीचे केस मात्र पांढरे व्हायला लागले, त्यामुळं डाग उलट उठून दिसला. धुऊन टाकलं.

५ मे

तुरटी. ४ लिटर पाण्यात ४५० ग्रॅम तुरटी; वेगळ्या २ लिटरमध्ये ११० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि २२५ ग्रॅम मीठ. सोड्याचं पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी बारीक धारेनं, ढवळत. फेस येतो. मग मैदा घालून लेप केला आणि तो फक्त मांसाच्या बाजूला चोपडला. पूर्ण बुडवायची पद्धतही आहे, पण एवढ्या कष्टानं साफ केलेले केस मी परत कशात बुडवणार नव्हते. लेप रोज खरवडून नवा.

कडेला जाड भाग कापून बघायचा: आतपर्यंत पांढरं झालं की झालं. मधे पारदर्शक रेघ असेल तर अजून एक थर.

१० मे

लेप काढून पुसून घेतलं. कातडं ओलसर असतानाच आता उन्हाचं काम. डोक्याचं कातडं पालथ्या मडक्यावर ताणून, केस पाण्याच्या फवाऱ्यानं ओले ठेवून, सकाळचं आठ ते दहाचं ऊन. मडक्याचा गारवा आतून मिळतो, मांसाची बाजू वाळत नाही. बाकीचं कातडं ओल्या गोणपाटाखाली. खुरांचे भाग मडक्याच्या कडेला बाहेर काढलेले.

हळदीला प्रकाश सोसत नाही. पहिल्याच सकाळी कपाळाच्या पिवळ्यात फरक पडला. भोवऱ्याच्या मुळाशी सावली राहते म्हणून मधूनमधून कंगव्यानं केस उलटे केले.

तेल अजून लावलं नाही, मुद्दाम. तेल लावून ऊन दाखवलं तर ते केसात उतरतं आणि पिवळं पडतं, मग एक पिवळं घालवून दुसरं आणल्यासारखं होईल.

१४ मे

कपाळ गेलं! वाकून, केस फुंकून बघितलं, मुळाशीही काही नाही. तीन खूर साफ. साबण लागलेल्या पायाला अजून फिकट पिवळी पोटरी आहे.

दुपारी वळीव आला. गोणपाट उचलून आत पळवेपर्यंत मांडीचा भाग भिजला. कोरड्या फडक्यांनी दाबून पाणी काढलं आणि तेवढ्या भागाला तुरटीचा लेप परत दिला. दोन दिवस त्यात जातील.

१८ मे

साबणाचा पायही उजळला, पूर्ण नाही पण माउंटपासून दूर आहे. मांसाच्या बाजूनं तेल दिलं, बैठकीचा भाग खाटेच्या काठावर ओढून ओढून मऊ केला.

आक्का बघायला आल्या. गुलालाचं दाखवलं आणि सांगितलं, एअरब्रशनं पांढरा रंग मारता येईल, पण केसावर रंग दिसतो, जवळून बघितलं की फसवणूक कळते. त्या बराच वेळ हात फिरवत बसल्या. "तेवढा राहू दे की," म्हणाल्या. "मीच लावलाय." रंग मारायचा नाही असं ठरलं. मला स्वतःला हे पटलं. केसाला इजा न करता जेवढं जातं तेवढंच काढावं, माझी रेघ तिथं आहे.

२१ मे

फोमचा साचा घासून मापाला आणला, काचेचे डोळे बसवले, कातडं चढवलं. मानेची शिवण मागून. टाचण्या सगळ्या पितळी. ओल्या कातड्यात साध्या टाचण्या ठेवल्या तर गंज परत दारात. आमच्याकडं शिवणकामाच्या डब्यात लोखंडीच होत्या, म्हणून महाद्वार रोडला जाऊन पितळी आणल्या.

९ जून

पाऊस लागलाय, हवेत दमटपणा. रोज पंखा, खोलीत कोळशाची टोपली.

उजव्या कानाच्या कडेला आणि ओठाच्या वळणावर पिवळी रेघ दिसायला लागली आहे. हा जुना डाग नाही. कानाच्या कूर्चेपाशी आणि ओठात खरवडताना चरबी राहिली, ती आता वर येतेय. चरबी हवेनं पिवळी होते आणि तिथं पेरॉक्साइडचा उपयोग नसतो, कारण तो रंग केसाचा नाही, वरच्या तेलाचा आहे. व्हाइट स्पिरिटमध्ये (ऑइल पेंट पातळ करायचं, अल्कोहोल नव्हे) कालवलेली मुलतानी माती रेघेवर लावली, वाळल्यावर ब्रशनं झाडली. कान साफ झाला. ओठावर दोन दिवसांनी परत थोडी आली, परत लावली. जून संपेपर्यंत हे करत राहावं लागेल असं दिसतंय. पुढच्या कातड्याला ओठ आणि कान पूर्ण उलटवून, दिव्यासमोर धरून खरवडायचे.

खर्च विचारतात म्हणून: मीठ ३६० रुपये, आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन लिटर ५२०, सायट्रिक ॲसिड १८०, तुरटी आणि सोडा १४०, पेरॉक्साइड १५०, ऑक्झॅलिक ११०, हायड्रोस ९० (वाया), मुलतानी माती १२०, कापूस, टिपकागद, हातमोजे ३४०, बर्फ ६०. साचा, डोळे आणि फ्रीजरची वीज यात नाही. सगळ्यात जास्त वेळ हळदीनं घेतला आणि सगळ्यात जास्त पैसे गुलालानं, त्यातलं निम्मं स्पिरिट एकट्या खांद्यावर गेलं.

नाकाचा आणि पापण्यांच्या कडेचा रंग ओठ कोरडा राहिल्यावर. तोवर आक्कांना थांबायला सांगितलंय.